डॉपलर झोपून केला की उभं राहून?

पायाच्या फुगलेल्या शिरांबद्दल (व्हेरिकोज व्हेन्स) वर कुणीतरी म्हटलंय, 'डॉपलर नॉर्मल आलाय, मग लेझरने शीर बंद करायचा खर्च कशाला'; ते पटलं नाही. डॉपलर म्हणजे शिरांतलं रक्त कसं वाहतं ते दाखवणारी सोनोग्राफी. तो डॉपलर कशासाठी केला होता ते आधी बघा. पुष्कळदा पेशंटला आडवं करून खोल शिरेत गुठळी आहे का, एवढंच पाहतात. शिरांतल्या, रक्त उलटं खाली येऊ न देणाऱ्या झडपा गळतात का हे बघायचं तर उभं करून, पोटरी दाबून सोडायची आणि रक्त उलटं किती वेळ येतं ते मोजायचं. मांडीतल्या वरवरच्या शिरेत ०.५ सेकंदाच्या वर गेलं तर झडप निकामी धरतात. आमची आत्या बडोद्यात दांडिया बाजारात दिवसभर दुकानात उभी असते. घोट्याजवळची कातडी काळपट पडली तरी हातात 'गुठळी नाही'चा कागद! दुसरीकडे उभं राहून तपासल्यावर गळती दिसली. रेडिओफ्रिक्वेन्सीने, म्हणजे लेझरसारखीच आतून उष्णता देऊन, ती शीर बंद केली, भूल फक्त पायापुरती, संध्याकाळी स्वतः जिना चढून घरी.

आणि 'शीर बंद केल्यावर रक्त जाणार कुठून' म्हणाल, तर पायातलं बहुतेक रक्त एरवीही खोल शिरांतूनच वर जातं. त्याच तुंबलेल्या असतील तर मात्र वरची शीर बंद करण्याआधी डॉक्टर दहादा विचार करतात, म्हणून गुठळीची तपासणीही लागतेच.