मदत हवी आहे: अंकल टुपेलो ऐकून संपले, आता सन व्होल्ट की विल्को?

खडीसाखर:
नमस्कार मंडळी, प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा. मी सेंट लुइसला असते. आमच्या ऑफिसातले एक काका नदीपलीकडे इलिनॉयमध्ये बेलव्हिलला राहतात, त्यांनी महिन्यापूर्वी त्यांच्या गावच्या बँडच्या चार सीड्या हातात ठेवल्या. अंकल टुपेलो. नो डिप्रेशन (१९९०), स्टिल फील गॉन (१९९१), मार्च १६-२०, १९९२ आणि अ‍ॅनोडाइन (१९९३). मला कंट्री म्हणजे हॅट, घोडे आणि ट्रक एवढंच माहीत, इथे तर पंकवाल्या पोरांनी आजोबांची पेटी उघडल्यासारखं प्रकरण निघालं. पहिल्या दोनात गिटारी नुसत्या ठणाणतात. तिसऱ्यात जवळपास सगळं अकूस्टिक, कोळसा खाणीतली जुनी गाणी, त्यांची भजनं वगैरे, आणि नाव असं का तर त्या पाच दिवसांत रेकॉर्ड केला म्हणून. अ‍ॅनोडाइन तर रोज चालू आहे.

आता गोची अशी की १९९४ ला बँड फुटला, त्यातला एक गायक जे फॅरार याने सन व्होल्ट काढला, दुसरा गायक जेफ ट्वीडी याने विल्को, आणि काका म्हणतात आता सांग तू कुणाच्या बाजूची. पुढच्या शुक्रवारी आम्ही गाडीने मिनियापोलिसला जातोय, नऊ तास तरी लागतील, गाडी जुनी म्हणून सीडी प्लेअरच चालतो, नवरा किशोरकुमार पार्टी आणि मुलगी १४ वर्षांची म्हणजे तिला काहीच आवडत नाही. लायब्ररीतून चारच सीड्या आणायच्या ठरवल्यात. कुठल्या आणू आणि कुठल्या क्रमाने लावू?

उंटावरचा_शहाणा:
ज्याचं आडनावच फरार तो बँडमध्ये टिकेल कसा 😀

बेस_गिटार_बंड्या:
शहाणे, विनोद फालतू आहे पण मुद्दा बरोबर आहे. सगळे म्हणतात बँड फुटला, प्रत्यक्षात एकटा फॅरार बाहेर पडला. अ‍ॅनोडाइनवर वाजवणारे बाकीचे सगळे, ट्वीडी, जॉन स्टिराट, केन कूमर, मॅक्स जॉन्स्टन, उचलून विल्को झाले. म्हणजे वाटणीत घर ट्वीडीला मिळालं आणि फॅरार विहीर घेऊन गेला. त्याने जुना ड्रमर माइक हायडॉर्न परत आणला, जो अ‍ॅनोडाइनच्या आधीच सोडून गेला होता, आणि मिनेसोटाचे दोन बोक्विस्ट भाऊ घेतले.

खडीसाखर, तुम्हाला तुलनाच करायची तर १९९५ चे दोनच लावा, मार्चमध्ये आलेला विल्कोचा ए.एम. आणि सप्टेंबरमधला सन व्होल्टचा ट्रेस. अ‍ॅनोडाइन, ए.एम. आणि ट्रेस, तिन्हींना प्रोड्यूसर एकच, ब्रायन पॉलसन. त्यामुळे स्टुडिओतल्या हाताचा फरक फारसा मध्ये येत नाही, माणसं काय म्हणताहेत ते सरळ ऐकू येतं. ए.एम. छान आहे, गंमतीशीर आहे, पण ट्वीडी अजून चाचपडतोय असं वाटतं. ट्रेस ऐकलात की तुम्हीच सांगाल. आणि मुख्य म्हणजे तेव्हा फॅरार न्यू ऑर्लीन्सला राहायचा, प्रॅक्टिससाठी सेंट लुइसवरून वर मिनेसोटापर्यंत गाडी हाकत जायचा, त्यातली बरीच गाणी त्या प्रवासात सुचलेली. तुम्ही मिझुरीत ६१ नंबरच्या रस्त्यानेच वर जाणार ना? मग अजून काय पाहिजे.

सावळागोंधळ:
झालं, बंड्याचं ट्रेसपुराण सुरू. अरे ट्रेस भारी आहे हे मान्य, कोण नाही म्हणतंय, पण पुढे काय? स्ट्रेटअवेज (१९९७) आणि वाइड स्विंग ट्रेमोलो (१९९८) मध्ये तोच रस्ता, तीच गाडी, तोच उदास माणूस. उलट विल्को बघ, १९९६ ला बीइंग देअर, दोन सीड्या, १९ गाणी, मग समरटीथ (१९९९), मग यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट. तो किस्सा माहितीये ना, रीप्राइझ या रेकॉर्ड कंपनीने अल्बम नाकारला, यांनी सप्टेंबर २००१ मध्ये स्वतःच्या वेबसाइटवर फुकट ऐकायला ठेवला, आणि एप्रिल २००२ ला नॉनसचने काढला. रीप्राइझ आणि नॉनसच दोन्ही वॉर्नरचीच लेकरं, म्हणजे एकाच घरातून एकाच अल्बमचे दोनदा पैसे सुटले. माझं मत, ट्वीडी पोचला तिथे फॅरारला जायचंच नव्हतं.

बेस_गिटार_बंड्या:
जायचं नव्हतं हेच तर. आपल्याकडे एखादा गवई पन्नास वर्षं यमनच गातो तेव्हा त्याला कुणी विचारत नाही की बुवा, पुढे काय.

सावळागोंधळ:
बुवा यमन दरवेळी वेगळा गातात म्हणून विचारत नाही!

खडीसाखर:
भांडा तुम्ही, मी वाचतेय 😀 पण सीड्या?

तांबडा_पांढरा:
मधे पडतो. मी सांगलीचा. ट्रेसमधलं तिसरं गाणं नीट ऐका, त्यात सेंट जेनेव्हीव्ह गावाचं नाव येतं, तुमच्या दक्षिणेला तासाभरावर आहे. १९९३ च्या मिसिसिपीच्या पुरात तिथल्या लोकांनी वाळूची पोती रचून जुनं गाव वाचवलं. आम्ही २०१९ ला कृष्णा घरात शिरलेली बघितलीये, त्यामुळे त्या गाण्याला मला तरी वेगळं काही समजावून सांगायला लागलं नाही.

आणि बंड्या-गोंधळ, दोघांनी एक गोष्ट सोडलीत. जुना अमेरिकन लोकगायक वुडी गथ्री, त्याच्या दारात फॅरार आणि ट्वीडी दोघेही गेले, फक्त वेगवेगळ्या वेळी. विल्कोने १९९८ ला ब्रिटिश गायक बिली ब्रॅगबरोबर मर्मेड अ‍ॅव्हेन्यूमध्ये गथ्रीच्या वहीतल्या, चाल नसलेल्या शब्दांना चाली लावल्या. फॅरारने २००५ ला नव्या माणसांना घेऊन सन व्होल्ट परत उभा केला तेव्हा अल्बमच्या नावात गथ्रीचं जन्मगाव ओकीमा घातलं, आणि २०१२ ला न्यू मल्टिट्यूड्समध्ये स्वतःही तेच केलं, गथ्रीचे शब्द आणि यांची चाल. एकत्र असते तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

माझी यादी: निघताना ए.एम., मुलीला चालेल. मिझुरी संपायच्या आत ट्रेस. मग जेवण. जेवल्यावर मर्मेड अ‍ॅव्हेन्यू, नवरोबांना चालेल, गाणी गोड आहेत. मिनियापोलिस जवळ आलं की यांकी हॉटेल, अंधार पडलेला असावा.

खडीसाखर:
(दहा दिवसांनी) जाऊन आलो! क्रम तांबडा_पांढरा यांचाच ठेवला. ए.एम.ला नवरा म्हणाला बरं आहे. ट्रेसला कुणी काहीच बोललं नाही, हॅनिबलच्या पुढे शेतंच शेतं, आणि तिसरं गाणं लागलं तेव्हा मी पुराचं सांगितलं तर मुलीने कानातले इअरफोन काढले आणि ते गाणं परत लावायला सांगितलं, एवढंच. यांकी हॉटेलच्या पहिल्याच गाण्यात तो सगळा खडखडाट सुरू झाला तेव्हा नवऱ्याने गाडी बाजूला घेतली, त्याला वाटलं इंजिनातून येतोय.

काकांना अजून उत्तर दिलेलं नाही. स्ट्रेटअवेज आणू का?

सावळागोंधळ:
आणा, पण ट्रेसनंतर लगेच लावू नका, मध्ये किशोरकुमार टाका.