सातेरी मधमाशांची पेटी उघडताना हात थरथरतो, जाड ग्लोव्हज घ्यावेत का?

काजूबाग
नमस्कार मंडळी. आमची संगमेश्वर साईडला आंबा-काजूची बाग आहे. महाबळेश्वरला मध संचालनालयाचं ट्रेनिंग केलं आणि सातेरीच्या दोन पेट्या बागेत ठेवल्यात. ट्रेनिंगला शिकवणारे काका उघड्या हाताने फ्रेम (पोळ्याची लाकडी चौकट) उचलायचे तेव्हा सगळं सोपं वाटायचं, इथे एकटीने झाकण काढलं की आतून सूंऽऽ आवाज येतो आणि हात थरथरायला लागतो. जाड लेदरचे ग्लोव्हज घेऊ का? धूर नक्की किती द्यायचा? आणि मेन म्हणजे गेल्या आठवड्यात मिस्टरांना मनगटावर चावली तर कोपरापर्यंत हात सुजला, सासूबाई म्हणतात पेट्या परत करा. ही अ‍ॅलर्जी समजायची का?

भोरचा_मधपाळ
ताई, तो सूं आवाज सातेरीचा नेहमीचाच, पेटीला धक्का लागला की सगळ्या मिळून करतात. लगेच चावायला येतात असं नाही. झाकण खटकन उचलू नका, आधी एक कड सैल करा, थांबा, मग उचला.

लेदरचे ग्लोव्हज नको. बोटांना काही कळत नाही आणि फ्रेमच्या कडेला माशा चिरडतात. माशी चिरडली किंवा चावली की पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि त्या वासावर बाकीच्या चवताळून येतात. पातळ रबरी ग्लोव्हज चालतील, पण तोंडावरची जाळी कधीच सोडू नका. टोपी रुंद काठाची घ्या नाहीतर जाळी नाकाला चिकटते आणि तिथूनच चावतात. कपडे फिकट रंगाचे, सलवार मोज्यात खोचलेली, वासाचं तेल किंवा अत्तर नको.

धुराड्यात तुमच्याकडे नारळाची वाळलेली सोडणं आहेतच, थोडी गोवरी टाका. धूर आधी स्वतःच्या हातावर मारून बघा, गार लागला पाहिजे. दारातून दोन-तीन फुंकर आणि मिनिटभर थांबा. धुराने तो वास झाकला जातो, शिवाय माशा पोटात मध भरून घ्यायच्या मागे लागतात. पण सातेरीला धूर जास्त झाला की पोळ्यावर सैरावैरा पळतात, आणि सारखा त्रास झाला तर अख्खी वसाहत पेटी सोडून निघून जाते, परदेशी मेलिफेरा माशीपेक्षा हिचं हे फार.

सिस्टर_पीएचसी
सुजेबद्दल मी लिहिते. चावलेल्या जागेपासून पसरत गेलेली सूज मोठी असली, दोन-चार दिवस राहिली तरी ती त्याच हातापुरती असेल तर बहुतेक वेळा जिवाला धोका नसतो, तरी एकदा डॉक्टरांना दाखवा. धोक्याची गोष्ट वेगळी. चावा हाताला आणि गांधी अंगभर, ओठ किंवा जीभ सुजणं, आवाज बसणं, दम लागणं, चक्कर, उलट्या, यातलं काहीही काही मिनिटांत सुरू झालं तर लगेच 108 लावा. तिथे अ‍ॅड्रेनॅलिनचं इंजेक्शनच लागतं, घरातली अ‍ॅलर्जीची गोळी देऊन वाट बघत बसू नका. पेशंटला आडवं झोपवा, दम लागत असेल तर बसू द्या, पण उभं करून चालवू नका. असं एकदा झालेल्या माणसाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय पेटीजवळ जाऊच नये.

आणि नांगी लगेच काढा, नखाने खरवडा किंवा कशीही काढा पण वेळ घालवू नका, माशी उडून गेली तरी नांगीची पिशवी विष सोडत राहते.

काजूबाग
थँक्यू सिस्टर, मिस्टरांची सूज हातापुरतीच होती, तरी उद्या दवाखान्यात जातोय. मधपाळ दादा, दुपारी मुलं शाळेतून आल्यावर उघडली तर चालेल? आणि फ्रेम उलटी करून बघायची कशी?

भोरचा_मधपाळ
मुलं घरी असताना नकोच. सकाळी दहा-अकराला, ऊन पडलेलं, वारा नाही अशा वेळी उघडा, तेव्हा कामकरी माशा बऱ्याचशा बाहेर गेलेल्या असतात. आभाळ आलं असेल तर राहू द्या. दाराच्या समोर उभं राहू नका, बाजूने किंवा मागून काम करा.

फ्रेम पेटीच्या वरच धरा, राणी पडली तर आतच पडेल. आडवी करू नका, नवं मेण उन्हात मऊ असतं, मधाच्या वजनाने पोळं तुटून खाली येतं. एक टोक वर घ्या, वरची पट्टी उभी होईल, मग फ्रेम दाराच्या फळीसारखी फिरवा आणि टोक खाली आणा, पोळं पूर्ण वेळ उभंच राहतं. रिकाम्या फ्रेमवर घरात हे करून बघा, हात बसला की थरथर जाते. पहिल्यांदा कडेचीच फ्रेम काढा, मधल्यांना जागा होते आणि माशा घासल्या जात नाहीत.

सह्यकडा
एक राहिलं. बागेतल्या झाडावर आग्याचं पोळं असेल तर हे काहीही तिथे करायला जाऊ नका. ती उठली तर जाळी-बिळी शोधत बसायचं नाही, तोंड झाकून सरळ पळत घर किंवा गाडी गाठायची आणि दार लावायचं. विहिरीत उडी मारायची नाही, वर आलात की त्या तिथेच असतात.