मदत हवी आहे: उबुंटू ८.०४ ला आतला मोडेम सापडत नाही (गावच्या वाचनालयासाठी)

ग्रंथपाल:

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाला गावच्याच एका चाकरमान्याने मुंबईहून आपला जुना संगणक पाठवला आहे. पेंटियम ४, ५१२ एमबी रॅम. विंडोजची अधिकृत सीडी नव्हती आणि चोरीची घालायची नाही असं कार्यकारिणीत ठरलं, म्हणून टपालाने मोफत आलेल्या सीडीवरून उबुंटू ८.०४ (विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स प्रणाली) घातली. मराठी छान दिसतं, ओपनऑफिसमध्ये पुस्तकांची यादी चढवायला सुरुवातही केली. अडलंय ते इंटरनेटपाशी.

गावात ब्रॉडबँड नाही. लँडलाइन आहे, डायल-अपचं (फोनवरून नंबर फिरवून इंटरनेट जोडायचं) खातं घेतलंय, आणि ते चालतं हे तालुक्याला दुसऱ्या संगणकावर तपासून आणलंय. मोडेम, म्हणजे फोनच्या तारेवरून संगणक इंटरनेटला जोडणारं कार्ड, संगणकाच्या आत बसवलेला आहे. त्याच्या खोक्यावर फक्त '५६के, व्ही.९२' एवढंच छापलंय. नेटवर्क सेटिंगमध्ये 'ऑटोडिटेक्ट' दाबलं तर काही सापडत नाही. पोर्ट म्हणून टीटीवाय-एस० आणि टीटीवाय-एस१ दोन्ही देऊन पाहिले, डायल केल्याचा आवाजसुद्धा येत नाही.

भरतीची जाहिरात किंवा निकाल बघायचा तर आमच्या पोरांना एसटीने २२ किलोमीटर जावं लागतं. म्हणून हे व्हायलाच हवंय. मी संगणकाचा माणूस नाही, पण सांगाल ते नीट करून बघेन. मी हे तालुक्यातल्या कॅफेतून लिहितोय, त्यामुळे उत्तराला दोन-तीन दिवस लागतील.

सर्किट:

काका, खोक्यावरचं नाव विसरा, आतली चिप कुठली ते बघू. टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायच्या खिडकीत) 'एलएसपीसीआय -एनएन' चालवा आणि मोडेमच्या ओळीत चौकटी कंसात कोलन घातलेला जो आकडा येईल तो जसाच्या तसा इथे लिहा.

असं का होतं ते थोडक्यात सांगतो. पूर्वीच्या सीरियल मोडेममध्ये एटी कमांड (मोडेमला द्यायच्या आज्ञा) समजून घेणारा कंट्रोलर मोडेमच्याच आत असायचा, त्याला ड्रायव्हर (यंत्र चालवणारा प्रोग्राम) लागतच नसे. पुढे स्वस्त करण्यासाठी कंट्रोलर काढला आणि ते काम विंडोजमधल्या ड्रायव्हरवर टाकलं. त्यालाच विनमोडेम म्हणतात. काहींमध्ये सिग्नल प्रोसेसर तरी चिपवर असतो, काहींमध्ये तोही नसतो, सगळं गणित सीपीयूच करतो. त्यामुळे चिप कळल्याशिवाय कोणीही 'अमुक ड्रायव्हर टाका' म्हणालं तर ऐकू नका. फुकटची फेरी पडेल.

पुणेरी पेंग्विन:

मी तर म्हणेन, जुना सीरियल मोडेम कुठे मिळाला तर घ्या. मागच्या ९ पिनांच्या पोर्टला लावायचा, टीटीवाय-एस० द्यायचं, झालं.

ग्रंथपाल:

आकडा मिळाला: ११सी१:०४५०, पुढे 'ल्युसेंट... एलटी विनमोडेम' असं आहे. नवा मोडेम घ्यायला या वर्षीच्या अनुदानात जागा नाही, त्यामुळे हाच चालवून बघू.

सर्किट:

मग नशीब चांगलं आहे. ०४५० मध्ये सिग्नल प्रोसेसर आहे आणि त्याला 'मार्टियन' ड्रायव्हर चालतो. (हेच ०४८सी असतं तर मार्टियनचा उपयोग नव्हता, नाव जवळपास सारखं असलं तरी.) मार्टियनचे दोन भाग आहेत: कर्नलमध्ये (प्रणालीच्या गाभ्यात) बसणारं 'मार्टियन_डेव्ह' आणि बाहेरून चालणारा 'मार्टियन_मोडेम'. दोन्ही चालू झाले की /डेव्ह/टीटीवायएसएम० तयार होतं. तुमचं पोर्ट ते, टीटीवाय-एस० नव्हे.

ड्रायव्हर तुमच्याच संगणकावर कंपाइल करावा लागेल, म्हणजे त्याच्या सोर्सपासून (मूळ कोडपासून) चालणारा प्रोग्राम बनवावा लागेल. कॅफेतून मार्टियनचा सोर्स, बिल्ड-इसेन्शियल (कंपाइल करायची साधनं) आणि त्यासाठी लागणाऱ्या कर्नलच्या हेडर फायली पेन ड्राइव्हवर आणा.

ग्रंथपाल:

आणलं सगळं. बिल्ड-इसेन्शियलच्या मागे एकेक पॅकेज निघत गेलं, दोन फेऱ्या झाल्या. पण 'मेक' म्हटलं की '/लिब/मॉड्यूल्स/२.६.२४-१६-जेनेरिक/बिल्ड' नाही असं सांगून थांबतं. हेडर तर मी बसवले आहेत, २.६.२४-१९ चे. कॅफेत तेच सर्वांत नवे दिसले.

सर्किट:

तिथेच अडलंय. 'यूनेम -आर' देऊन बघा, तुमचा चालू कर्नल १६ चा आहे आणि हेडर १९ चे. एकाची किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला लागणार नाही. हुबेहूब २.६.२४-१६ चे हवेत, आणि पॅकेजं दोन: एक नुसतं 'लिनक्स-हेडर्स-२.६.२४-१६' आणि दुसरं शेवटी 'जेनेरिक' असलेलं. पहिल्याशिवाय दुसरं बसत नाही, म्हणून दोन्ही एकाच फेरीत आणा. पुढे कधी कर्नल बदललात तर मार्टियन पुन्हा कंपाइल करावा लागेल, हे कुठेतरी लिहून ठेवा.

नंबर फिरवायला डब्ल्यूव्हीडायल हा प्रोग्राम आणत बसू नका, त्याच्या मागेही लायब्रऱ्यांची रांग आहे. 'सुडो पीपीपीकॉन्फिग' चालवून खात्याचं नाव, पासवर्ड, फोन नंबर आणि पोर्ट भरा. मग 'पॉन' म्हणजे जोड, 'पॉफ' म्हणजे तोड, 'पीलॉग' म्हणजे काय घडलं ते दाखव.

ग्रंथपाल:

कंपाइल झालं! टीटीवायएसएम० दिसतंय. पण 'पॉन' केल्यावर पीलॉगमध्ये 'नो डायलटोन' येतं. त्याच तारेला फोन लावला तर टोन खणखणीत ऐकू येतो.

पुणेरी पेंग्विन:

हे मी स्वतः भोगलंय. आपल्याकडचा डायलटोन अमेरिकेतल्यासारखा नाही, त्यामुळे बरेच मोडेम तो ओळखत नाहीत आणि नंबर न फिरवताच थांबतात. पीपीपीकॉन्फिगमध्ये मोडेम सुरू करण्याची ओळ 'एटीझेड' अशी असेल, तिथे 'एटीएक्स३' करा. याचा अर्थ टोनची वाट न बघता नंबर फिरव, पण एंगेज असेल तर ओळख. आणि गावचं एक्सचेंज जुनं असेल तर 'एटीडीटी'ऐवजी 'एटीडीपी' लागेल, म्हणजे पल्स.

ग्रंथपाल:

एक्स३ ने काम झालं. नंबर फिरला, ती किर्र-कुर्र ऐकू आली तेव्हा वाचनालयात बसलेली सगळी पोरं उठून भोवती आली. लॉगमध्ये लोकल आयपी आणि रिमोट आयपी दोन्ही आले. पण फायरफॉक्स मात्र 'ऑफलाइन' म्हणतो, एकही पान उघडत नाही.

सर्किट:

फायरफॉक्स ३ नेटवर्क मॅनेजरला विचारून ठरवतो की नेट आहे की नाही, आणि तुम्ही पॉनने जोडलेलं त्या मॅनेजरला ठाऊकच नसतं. फाइल मेनूत 'वर्क ऑफलाइन'पुढची खूण काढा.

तरीही उघडलं नाही तर एखादा आयपी पत्ता पिंग करा, म्हणजे तिथून उत्तर येतं का बघा. आयपीला उत्तर येतं पण नावाला येत नाही, तर गडबड डीएनएसमध्ये (नावावरून आयपी शोधणाऱ्या सेवेत). आयपीलाही नाही, तर पीलॉगमध्ये 'नॉट रिप्लेसिंग एक्झिस्टिंग डिफॉल्ट रूट टू ईटीएच०' अशी ओळ आहे का बघा. असेल तर लॅन कार्डाला (तेच ईटीएच०) कोणीतरी गेटवे, म्हणजे बाहेर जायच्या वाटेचा पत्ता, देऊन ठेवलाय, तो काढून टाका.

ग्रंथपाल:

दोन्ही होतं! खूण काढली, पण पान आलं नाही. मग ती ओळ शोधली, सापडली. संगणक पूर्वी मुंबईत ऑफिसच्या लॅनवर होता म्हणून मीच वहीतून बघून तोच १९२.१६८.१.१ भरला होता. काढला, पुन्हा पॉन केलं, आणि पान उघडलं.

आता एकच विचारतो. जोडणी २८,८०० ने होते, पण पावसाची मोठी सर आली की दहा मिनिटांत तुटते. दुरुस्तीची मागणी नोंदवली आहे. तोवर आमच्या बाजूने काही करता येईल का?

पुणेरी पेंग्विन:

त्याच तारेवर दुसरा फोन समांतर जोडला असेल तर तो आधी काढा, कोणी रिसीव्हर उचलला तरी जोडणी तुटते. खांबावरच्या सांध्यात पाणी शिरत असेल तर लाइनमनशिवाय इलाज नाही. आणि काका, विजा चमकायला लागल्या की टेलिफोनची तार मोडेममधून काढून ठेवत जा, नुसतं संगणक बंद करून भागत नाही. माझा एक मोडेम असाच गेला.

सर्किट:

अपडेट आपोआप तपासणं बंद करा. २८,८०० च्या वेगाने १०० एमबी उतरवायला पावणेआठ तास लागतात, पोरांच्या वाट्याला लाइनच उरणार नाही. अपडेट कॅफेतून आणत जा.

ग्रंथपाल:

दारामागच्या खोलीत समांतर फोन होताच, काढला. काल सलग चाळीस मिनिटं टिकलं. दोघांनी भरतीची जाहिरात उतरवून घेतली आणि पहिल्यांदाच त्यासाठी एसटी पकडावी लागली नाही.

मार्टियनचा सोर्स, १६ चे दोन्ही हेडर आणि लागलेली सगळी पॅकेजं एका सीडीवर लिहून ठेवली आहेत. ०४५० चाच मोडेम आणि ८.०४ असलेल्या कुणालाही हवी असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, टपालाने पाठवेन.