फराळात पामोलीन नको, कारण इंडोनेशियातलं पीट : पटतंय का?

गेरवाला :
मंडळाच्या दिवाळी स्टॉलची ऑर्डर ठरायचीये म्हणून विषय काढतोय. माझं म्हणणं, यंदा पामोलीनमध्ये तळलेलं काही घ्यायचं नाही. तब्येतीचं भाषण देत नाहीये, ते सगळ्यांना पाठ आहे. कारण आहे पीट. म्हणजे पाण्यात बुडून राहिलेला पालापाचोळा, मुळं, लाकूड, हवाच लागत नाही म्हणून पूर्ण कुजत नाही, वर्षाला जेमतेम एखादा मिलीमीटर थर चढतो, आणि असे हजारो वर्षांचे थर सुमात्रा-बोर्नियोत कुठे कुठे दहा मीटर खोल आहेत. जगाच्या जमिनीपैकी ३ टक्क्यांवर पीट आहे पण त्यात कार्बन जगातल्या सगळ्या जंगलांच्या झाडांपेक्षा जास्त. आता तिथे पाम, म्हणजे पामोलीन ज्या झाडापासून येतं ते, लावायचा तर आधी कालवे खणून पाणी काढून द्यावं लागतं. पाणी गेलं की हवा शिरली, हवा शिरली की इतकी वर्षं अडलेलं कुजणं चालू. आयपीसीसीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या, हिशोबाने अशा पीटवरच्या पामच्या एका हेक्टरमधून वर्षाला साधारण ४० टन कार्बन डायऑक्साइड निघतो, तेही आग न लागता. आणि जगात सगळ्यात जास्त पाम तेल आयात कोण करतं, तर आपण. बोला.

भट्टी_भिया :
भिया, बोलतो, कारण कढईसमोर मी उभा असतो. शेंगदाणा तेलाची सेव मी पण काढतो, काउंटरवर दोन्ही ठेवतो, गिऱ्हाईक चव घेतं शेंगदाण्याची आणि पाकीट उचलतं पामोलीनचं, भावात फरक तेवढा आहे. पामोलीन घाण्यामागून घाणे झेलतं, लवकर धूर सोडत नाही, माल महिनाभर खवट होत नाही. थंडीत डबा थिजतो, सकाळी भट्टीजवळ ठेवून पातळ करावा लागतो, त्रास काय तो एवढाच. २०२२च्या एप्रिलअखेर इंडोनेशियाने निर्यात बंद केली होती ना तीन-साडेतीन आठवडे, तेव्हा डब्याचा भाव रोज सकाळी फोन करून विचारायचो मी. ज्यांच्या घरी महिन्याचं तेल मोजून येतं त्यांना जाऊन सांगा पीट वगैरे.

निवृत्त_भूगोल :
गेरवाले, माहिती बरोबर, निष्कर्ष अर्धा. पीटचा एक मोठा सत्यानाश पामने नाही केला, भाताने केला. १९९५ मध्ये सुहार्तो सरकारने बोर्नियोतल्या मध्य कालिमंतानमध्ये दहा लाख हेक्टर पीटवर भातशेती करायची ठरवलं, हजारो किलोमीटर कालवे खणले, भात धड आला नाही आणि १९९७ला एल निनोचा दुष्काळ पडला तेव्हा ते वाळलेलं सगळं पेटलं. त्या वर्षीच्या इंडोनेशियातल्या आगींमधून निघालेला कार्बन म्हणजे जगभरात कोळसा-तेल जाळून वर्षाला निघतो त्याच्या १३ ते ४० टक्के, असा अंदाज आहे. आकडा एवढा सैल का, तर पीट जमिनीखाली धुमसतं, किती खोल जळलं ते मोजणार कसं. वरून पाणी मारून विझतही नाही, खरा पाऊस लागतो.
आणि पाम तेल टाळा असा उपदेश करणारे कोण तर युरोपवाले. आयर्लंडची सरकारी कंपनी पीट कापून वीजघरांत घालत होती, कापणी कायमची बंद केल्याचं जाहीर केलं २०२१ला. यांनी आपलं जाळून झाल्यावर इंदूरच्या सेव-नमकीनला नियम लावायचे?

सोयावाली_सांवेर :
सर, युरोप चुकला म्हणून आपण डोळे मिटायचे हा कुठला न्याय? मी तर वेगळ्याच कारणाने पामच्या विरोधात आहे. आमच्या माळव्यात सोयाबीन. २०२४ला हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि मंडीत त्याहून कितीतरी खाली विकला आम्ही, बाहेरचं तेल स्वस्तात येणार तर आमचं दाणं कोण विचारणार. सप्टेंबरात बाहेरून येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरची ड्यूटी २० टक्के केली, पुढच्या मे महिन्यात परत १० वर आणली. पीट वाचेल, शेतकरीही वाचेल, पाम बंद करा.

कृष्णपुरा :
ताई, भावाबद्दल सहानुभूती आहे पण जरा हिशोब करा. आपल्याकडे सोयाबीन हेक्टरी साधारण एक टन, त्यातून तेल १८ टक्के धरलं तर १८० किलो. पाम हेक्टरी तीन-चार टन तेल देतो. म्हणजे पाम सोडून तेवढंच तेल सोयाचं हवं असेल तर पंधरा-वीस पट जमीन लागेल, ती आणणार कुठून, ब्राझीलची जंगलं तोडून? म्हणून सगळा पाम नको म्हणणं बाळबोध आहे. प्रश्न पीटवरच्या पामचा आहे, तेवढाच धरा.

गेरवाला :
धरला. पण पाकिटावर फक्त "पामोलीन" लिहिलेलं असतं, कुठल्या जमिनीवरचा ते मला कसं कळणार? कांडला बंदरावर टाकीत दहा जहाजांचं तेल एकत्र होतं. आरएसपीओवाल्यांनी, म्हणजे पाम तेलाला प्रमाणपत्र आणि चिन्ह देणाऱ्या संस्थेने, नोव्हेंबर २०१८ नंतर पीटवर नवीन लागवड नाही असा नियम केलाय, चांगलंय, पण आपल्या नमकीनच्या पाकिटावर ते चिन्ह मी तरी पाहिलेलं नाही. कळत नाही तोवर नकोच, असं माझं मत.

अहिल्या_घाट :
मला तर वाटतं तुम्ही सगळे तेलातच अडकलात. जग तापतंय, तर पीट तसंही वाळणारच आहे ना? कांगोच्या खोऱ्यातलं पीट बघा, २०१७ला नकाशावर आलं, सुमारे ३० अब्ज टन कार्बन. २०२२ला शास्त्रज्ञांनी दाखवलं की तिथेच साधारण साडेसात हजार ते दोन हजार वर्षांपूर्वीच्या काळात हवामान कोरडं झालं आणि भरपूर पीट आपोआप कुजून गेलं, ना कालवे ना कंपन्या. सायबेरियात गोठलेलं पीट वितळतंय, तिथे कुठला पाम आलाय? तेल बदलून सायबेरिया गार होणार नाही.

कृष्णपुरा :
सायबेरियाचं मान्य. तिथे भानगड अशी की वितळून काही जागी वाळतं आणि कुजतं, काही जागी तळी होतात आणि मिथेन येतो, दोन्हीकडून मार. पण तुमचं कांगोचं उदाहरण तुमच्याच विरोधात जातंय. नुसत्या कोरड्या हवेने एवढं होत असेल तर कालवे खणून आधीच पाणी काढलेल्या पीटचं काय होईल? अंगात ताप आणि वर उपास. २०१५ला हेच झालं, एल निनो आला, इंडोनेशियात २६ लाख हेक्टर जळालं, सगळं पीट नव्हतं ते पण धूर जास्त पीटचाच, सिंगापूरपर्यंत गेला, काही दिवस तर अख्ख्या अमेरिकेच्या रोजच्या उत्सर्जनापेक्षा जास्त. ओलं पीट दुष्काळातही सहसा असं पेटत नाही. म्हणून तर २०१६ला त्यांनी कालवे बुजवायला वेगळी संस्था काढली आणि पाण्याची पातळी जमिनीखाली ४० सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ द्यायची नाही हा २०१४चा नियम कायम ठेवला.

निवृत्त_भूगोल :
४० सेंटीमीटर म्हणजे वरचा सव्वा फूट कोरडाच की. तेवढा कुजत राहणार, जमीन दरवर्षी काही सेंटीमीटर खचत राहणार, समुद्राजवळच्या बागा शेवटी पाण्याखाली जाणार, मग पामही नाही आणि पीटही नाही. हे त्यांच्या सरकारला कळत नाही असं नाही, पण लाखो लहान शेतकऱ्यांच्या चुली त्यावर आहेत. तुम्ही इथे ऑर्डर फिरवलीत तर पहिला मार त्यांनाच, मोठ्या कंपनीला नाही.

भट्टी_भिया :
सरांना माझ्याकडून एक पाव लौंग सेव. 😄 पण गेरवाले, खरंच शेंगदाण्यात हवं असेल तर काढून देतो, भाव आधी ठरवा, नंतर मंडळाच्या मीटिंगमध्ये माझ्या नावाने ओरडू नका. आणि चकली, चिवडा पण त्याच तेलात का? चिवड्याला तेल बरंच कमी लागतं, तिथे परवडेल.

सोयावाली_सांवेर :
शेंगदाणाच का पण? सोया तेलात तळा की, आपल्याच जिल्ह्याचं आहे. एक घाणा काढून बघा, वास येतो म्हणतात त्यांनी नंतर बोलावं.