पडीक सोडलेल्या पर्वतीय कुरणात कोणती प्रजाती वाढणार, हे पानांवरून कळतं का?

प्रश्न – कुरणवाट
नांगरट थांबून ५ वर्षं झालेला एक पट्टा, १५ वर्षं झालेला दुसरा आणि कधीच न नांगरलेला तिसरा, असे तीन पट्टे आहेत. कोणत्या गुणधर्मांमुळे कोणती प्रजाती वाढते ते पाहायचंय. झाडाची उंची आणि बियांचं वजन पुरेल का?

तृणपर्ण
नाही पुरणार. विशिष्ट पर्णक्षेत्र (पानाचं क्षेत्रफळ भागिले कोरडं वजन; पातळ पानाचं जास्त, चिवट पानाचं कमी) मोजाच. सुरुवातीला माती उघडी असते, ऊन भरपूर. तेव्हा पातळ पानांच्या, झपाट्याने वाढणाऱ्या प्रजाती पुढे जातात. पुढे मातीतला नायट्रोजन मुळांत आणि पाल्यात अडकतो, मग चिवट, जास्त टिकणारी पानं असलेल्यांची सरशी होते. बियांवर मात्र फार भिस्त ठेवू नका. जुन्या कुरणात बऱ्याच प्रजाती जमिनीखालच्या खोडांनी पसरतात, तीही नोंद हवी.

प्रत्येक प्रजातीची किमान १० झाडं घ्या. उन्हातलं, पूर्ण उघडलेलं, न कुरतडलेलं पान ओल्या कागदात गुंडाळून थंड ठेवा. रात्रभर देठ पाण्यात बुडवून अंधारात ठेवा, पाणी टिपा, वजन करा, स्कॅन करा. मग ७० अंश सेल्सिअसला ४८ तास वाळवून पुन्हा वजन. बारीक गवतांची पानं गुंडाळलेली असतात. ती उलगडून स्कॅन केली नाहीत तर क्षेत्रफळ कमी भरतं आणि पान उगाच चिवट ठरतं. इवल्या पानांचं वजन एकेकाचं न करता १०-१० एकत्र करा.

बीजांकुर
मोजमाप ठीक, पण आखणीतच अडचण आहे. प्रत्येक वयाचा एकच पट्टा असेल तर उतार, मातीची खोली आणि बर्फ वितळण्याची वेळ यांचा परिणाम वयापासून वेगळा काढता येत नाही. एका पट्ट्यात २० चौकटी (झाडं मोजायच्या ठरावीक मापाच्या जागा) टाकल्या म्हणून २० स्वतंत्र नमुने होत नाहीत. त्यापेक्षा प्रत्येक वयाचे चार-पाच पट्टे शोधा, चौकटी कमी टाका.

गुणधर्माची आच्छादनानुसार भारित सरासरी (जी प्रजाती जास्त जमीन व्यापते तिला जास्त वजन) काढून तिचा वयाशी संबंध तपासताना दोन-तीन दांडग्या प्रजातीच आकडा ओढतात आणि नसलेला संबंध दिसू लागतो. म्हणून गुणधर्मांची मूल्यं प्रजातींमध्ये ९९९ वेळा यदृच्छेने अदलाबदल करून तोच संबंध पुन्हा तपासा आणि खरा संबंध या यदृच्छ निकालांपेक्षा ठळक आहे का ते पाहा.

तृणपर्ण
हे अगदी खरं. शिवाय चराई चालू आहे का? असेल तर उंचीचं गणित उलटतं. उंच गवतं खुडली जातात, जमिनीलगत पानं पसरणारी झाडं वाचतात. चराई बंद असलेले आणि चालू असलेले पट्टे एकत्र मोजू नका.