झीलंडमध्ये सरकारनंच बांध फोडला, हे बरोबर झालं का?

बांधावरचा:

नेदरलँड्सच्या नैऋत्य कोपऱ्यात झीलंड प्रांत आहे. शेल्ड नदीच्या मुखाशी पसरलेली जुनी बेटं, आता बांधांनी आणि पुलांनी एकमेकांना जोडलेली. बरीचशी जमीन भरतीच्या पातळीखाली. प्रांताच्या चिन्हावर लाटांतून अर्धा वर आलेला सिंह आणि लॅटिन ब्रीदवाक्य: झुंजतो आणि वर येतो.

याच प्रांतात बेल्जियमच्या सीमेला लागून हेडविगे पोल्डर होता. १९०७ मध्ये बांध घालून मिळवलेली सुमारे ३०० हेक्टर कसदार शेती. ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारनं स्वतः बांध फोडून तिथं भरतीचं पाणी आत घेतलं.

का, तर बेल्जियमच्या अँटवर्प बंदरात मोठी जहाजं जावीत म्हणून पश्चिम शेल्ड ही खाडी खोल करायची होती. खाडीची हानी होते, तर निसर्गाला तेवढी जागा परत द्या, असा युरोपीय कायद्याचा आग्रह. २००५ मध्ये नेदरलँड्स आणि फ्लँडर्सचा (बेल्जियमचा डचभाषक भाग, अँटवर्प त्यातच) करार झाला. पुढे डच पंतप्रधान रुट्टे यांच्या पहिल्या सरकारनं पर्याय शोधून पाहिले, पण ब्रुसेल्स (म्हणजे युरोपीय संघ) आणि फ्लँडर्सपुढे डाळ शिजली नाही. बंदर त्यांचं, जमीन मात्र झीलंडची गेली.

१९५३ च्या पुरात ज्या प्रांतात ८६५ माणसं गेली, तिथल्या लोकांना सरकारच बांध फोडायला सांगतं, हे मला तरी पटत नाही. तुमचं मत?

भरती_ओहोटी:

अर्धीच गोष्ट सांगितलीत. सीमेपलीकडे फ्लँडर्सनंही आपल्या प्रॉस्पर पोल्डरचा भाग दिला आहे. आणि 'बांध फोडला' म्हणजे गाव वाऱ्यावर सोडलं असं नाही. आधी मागं नवा, भक्कम बांध घातला, मग पुढचा फोडला.

आता मुद्द्याचं. हेडविगेच्या शेजारीच साफ्टिंगे आहे, साधारण ३,५०० हेक्टरची निमखारी दलदल. १५७० च्या महापुरात तिथली बरीच जमीन बुडाली, उरलेली १५८४ मध्ये. तेव्हापासून दर भरतीला तिथं गाळ बसतोय. आज ती 'बुडालेली' जमीन बांधामागच्या जुन्या पोल्डरांपेक्षा उंच आहे! पोल्डरात गाळ येत नाही. पाणी उपसून उपसून जमीन सुकते, दबते आणि खचते. समुद्र वर चाललाय, शेत खाली. असं किती दिवस पंप लावत बसणार?

बांधावरचा:

१५८४ ला काय झालं तेही सांगा ना. अँटवर्पला स्पॅनिश सैन्याचा वेढा पडणार म्हणून डचांनी लढाईचा डाव म्हणून बांध फोडले. १९४४ ला पुन्हा तेच. झीलंडच्या वाल्खेरन बेटावरच्या जर्मनांना हुसकावायला दोस्तराष्ट्रांनी ३ ऑक्टोबरला तिथल्या वेस्टकापेले गावाच्या बांधावर बॉम्ब टाकले. गावातली दीडशेहून जास्त माणसं त्यात मेली, आणि खारं पाणी जवळजवळ वर्षभर बेटावर ये-जा करत राहिलं. बेटावरची झाडं वाळून गेली. प्रत्येक वेळी कारण 'मोठं' होतं आणि भोगलं झीलंडनं. यावेळचं मोठं कारण म्हणजे कंटेनर जहाजं.

झिरिकझेची_सून:

मी इथं झीलंडमध्येच राहते म्हणून लिहिते. आमच्या शेजारचे आजोबा १९५३ ला लहान होते. ३१ जानेवारीची शनिवारची रात्र, उधाणाची भरती आणि वायव्येचं वादळ एकदम आलं. रेडिओ रात्री बंद असायचा, त्यामुळे धोक्याची सूचना बहुतेकांच्या कानावर गेलीच नाही. पहाटे पाणी जिन्याच्या कितव्या पायरीला होतं, ते आजोबा अजून बोट दाखवून सांगतात. त्यांच्यासमोर हेडविगेचा विषय काढायची सोय नाही. गाळ, उंची सगळं त्यांना कळतं, शेतकरीच आहेत. पण "बांध माणूस बांधतो, फोडतो समुद्र" एवढं बोलून ते उठून जातात.

तुम्ही दोघं आकडे मांडा, पण ही भीती खुळचट नाही हेही लक्षात असू द्या.

पाणवठा:

भीती खुळचट नाही, मान्य. पण 'निसर्गानं छळलेला बिचारा झीलंड' हे चित्र अर्धंच खरं. मध्ययुगात इथले लोक बांधाच्या आतबाहेर पीट (दलदलीत कुजलेल्या वनस्पतींचा जळाऊ थर) खणायचे. समुद्राच्या पाण्यानं खारावलेलं ते पीट जाळून राखेतून मीठ काढायचे. धंदा तेजीत होता, पण जमीन स्वतःच्या हातानं खाली गेली आणि बांध पोखरले. मग १५३० चा पूर आला. राइमर्सवाल हे भरभराटीचं शहर त्या पुरानं एकटं, पाण्यानं वेढलेलं उरलं आणि शंभरेक वर्षांत ओसाड पडलं. झीलंडच्याच स्खौवन बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर प्लोम्पे टोरेन नावाचा चर्चचा मनोरा उभा आहे. त्याचं गाव गेलं, मनोरा तेवढा राहिला.

कोकणी_नाखवा:

थोडक्यात, मिठासाठी खणलं तेव्हा चाललं, पक्ष्यांसाठी सोडलं की बोंबाबोंब. 😀

बांधावरचा:

नाखवा, ज्यांनी मीठ खाल्लं ते पाचशे वर्षांपूर्वी गेले. बिल आजच्या माणसाला.

स्थापत्य_विशारद:

तुम्ही सगळे झीलंडमधलीच दुसरी खाडी, पूर्व शेल्ड, विसरताय. १९५३ नंतर पूर रोखायला डेल्टा योजना आली. पश्चिम शेल्ड अँटवर्पसाठी उघडी ठेवली, पूर्व शेल्ड मात्र कायमची बंद करायची ठरली होती. तिथल्या यर्सेके गावचे कालवं-शिंपल्यांवाले आणि निसर्गप्रेमी रस्त्यावर आले. शेवटी संसदेनं निर्णय फिरवला आणि ६२ दारांचा अडसर बांधला. एरवी दारं उघडी, पाणी तीन मीटरवर जाणार असं दिसलं की खाली. १९८६ मध्ये राणी बेआट्रिक्स यांनी उद्घाटन केलं.

आणि तरीही घोळ झालाच. दारांमुळे प्रवाह मंदावला. वादळात खाडीतल्या वाळूच्या पट्ट्या झिजतात, पण भरतीला आता वाळू उचलून परत टाकण्याइतका जोर नाही. पट्ट्या आकसताहेत, बाहेरून वाळू आणून टाकावी लागते. जगातलं सगळ्यात कौतुकाचं बांधकाम आहे हे. तरी पाण्याला थोडी जागा द्यावीच लागेल, निव्वळ काँक्रीटनं भागणार नाही.

बांधावरचा:

जागा द्या, पण शेतकऱ्याचीच का? आणि तो 'निसर्ग' किती शुद्ध आहे तेही बघा. पश्चिम शेल्डच्या पाण्यात पीएफएएस नावाची न विघटणारी रसायनं सापडली आहेत. तोच गाळ आता हेडविगेत बसणार. चांगल्या बटाट्याच्या शेतात आपण कारखान्यांचं सांडपाणी मुरवतोय.

भरती_ओहोटी:

पीएफएएसचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर माझ्याकडे तोड नाही. पण तो कारखान्यांविरुद्धचा मुद्दा झाला. बांध शाबूत ठेवला असता तरी तो गाळ खाडीतच होता.

शेतकऱ्याचीच जमीन का, याला एक उपाय यर्सेकेच्या समुद्र-संशोधन संस्थेतले लोक मांडताहेत. झीलंडमध्ये जुने आतले बांध जागोजागी अजून आहेत. बाहेरच्या आणि आतल्या बांधामधली पट्टी काही दशकं भरतीला द्यायची, गाळ बसून उंच झाली की पुन्हा शेतीला घ्यायची. शेतकऱ्याला तेवढ्या काळाचं भाडं. जमीन जात नाही, उलट वर येते.

बांधावरचा:

हे हेडविगेच्या वेळी का नाही सुचवलं? तिथं तर कायमची घेतली. आणि काही दशकांनी तिथं दुर्मिळ पक्षी घरटी करून बसले, की युरोपचा तोच कायदा परत नांगर लावू देईल? हे आधी लेखी द्या, मग भाड्याचं बोलू.

झिरिकझेची_सून:

हाच प्रश्न इथल्या शेतकऱ्यांचाही आहे. समाधानकारक उत्तर मी अजून ऐकलेलं नाही.