आकाशातलं विज्ञान घरात आणि गावात कसं आणायचं?

वाळपईचा_मास्तर
नमस्कार मंडळी. मी गोव्यात सत्तरी तालुक्यात हायस्कुलात सायन्स शिकवतो, सोळा वर्षं झाली. एक गोष्ट सलतेय म्हणून इथं टाकतोय. ७ सप्टेंबर २०२५ चं खग्रास चंद्रग्रहण आठवत असेल, रात्री अकराला चंद्र पूर्ण सावलीत गेला आणि ८२ मिनिटं तांब्याच्या कळशीसारखा लाल होता. तो लाल का होतो ते मी नववीच्या पोरांना आठवडाभर आधी बोर्डावर काढून शिकवलं होतं, की त्या वेळी पृथ्वीवर जिथं जिथं सूर्य उगवतोय नाहीतर मावळतोय तिथला तांबूस उजेड आपल्या हवेतून वळून चंद्रावर पडतो. पोरांना पक्कं समजलं होतं. दुसऱ्या दिवशी एक मुलगी म्हणाली, सर माझ्या वयनीला सातवा महिना, तिला दुपारपासून गिराण सुटेपर्यंत पाणी पण दिलं नाही, हालायचं नाही म्हणून आडवी करून ठेवली. मी विचारलं, तू काय बोललीस? तर म्हणते, "सर, ते पेपरात लिहायचं असतं ना."

ते वाक्य डोक्यातनं जात नाही. विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं हे आमची पोरं झोपेतनं उठवलं तरी सांगतील, पण त्याचा घरातल्या बाईशी, जातीशी, गावच्या पाण्याशी काही संबंध आहे असं त्यांना वाटतच नाही, आणि चूक माझीच असणार कारण मी पण ते वेगवेगळंच शिकवलं. तुम्ही कुणी हा सांधा जोडलाय काय? वर्गात नेमकं काय बोलू ते सांगा प्लीज.

डिचोली_७२
मास्तर, मी लोखंडाच्या खाणीवर मालाचे नमुने घ्यायला, म्हणजे सँपलिंगला होतो, ११ वर्षं, २०१२ ला खाणी बंद झाल्या तेव्हा घरी बसलो. तुमच्या पोरांतल्या अर्ध्यांचे बाप नाहीतर काका ट्रकवर नाहीतर बार्जवर असणार, तेव्हा लोखंडापासूनच सुरुवात करा.

लोखंड पृथ्वीवर तयार झालेलं नाही. ते ताऱ्यांच्या पोटात आणि तारे फुटताना झालं, आणि त्या राखेच्या ढगातून साधारण ४६० कोटी वर्षांपूर्वी सूर्य आणि आपली पृथ्वी झाली. पुढे समुद्राच्या पाण्यात हे लोखंड विरघळलेलं होतं, बारीक जीवांनी ऑक्सिजन सोडायला सुरुवात केली तसं ते गंजून तळाशी बसत गेलं, एक थर लोखंडाचा एक थर गारेच्या दगडाचा, आम्ही पिटात, म्हणजे खाणीच्या खड्ड्यात, जे पट्टे बघायचो ते हेच, जगातले बरेचसे असे थर २५० कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून जुने आहेत. मग कोट्यवधी वर्षं पावसानं गार धुवून नेली तेव्हा कुठे विकण्यासारखा माल झाला. आणि तेच लोखंड त्या वयनीच्या रक्तात आहे, माणसाच्या अंगात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम. ती सातव्या महिन्यात लोखंडाच्या गोळ्या घेते त्या बाळाला रक्त हवं म्हणून, आणि ताऱ्यातलं लोखंड ब्राह्मणाच्या रक्तात एक आणि गावडा समाजातल्या माणसाच्या रक्तात दुसरं असं नाही.

आता दुसरी बाजू. एवढ्या काळात साठलेला माल आम्ही एका वर्षात चार कोटी टनांच्या वर बाहेर पाठवलाय. पिट पाण्याच्या पातळीखाली गेला की रात्रंदिवस पंप लावून पाणी उपसायचं, मग आजूबाजूच्या विहिरी आटायच्या आणि बाया टँकरच्या लाइनीत. माझं घर त्या पैशावर चाललं, मुलीचं शिक्षण त्यावर झालं, ते मी नाकारत नाही आणि बंद झालं तेव्हा मी रडलोय. पण एप्रिल २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीतले दहा टक्के कायमच्या फंडात टाका म्हणून सांगितलं, पुढच्या पिढ्यांसाठी, तेव्हा मला पहिल्यांदा नीट कळलं की हा डोंगर परत उगवणार नाही. आंबा तोडला तर पुढच्या वर्षी लागतो. हे एकदाच झालं. मग तो माल मालकाचा, सरकारचा, की अजून न जन्मलेल्यांचा? हा प्रश्न पोरांना विचारा, उत्तर तुम्ही देऊ नका.

फोंड्याची_माई
माझ्या बहिणीला मंगळ. तीन स्थळं पत्रिका बघूनच परत गेली, मुलगी बघितली पण नाही. तेव्हा मी पण गप्प बसले, अजून वाईट वाटतं. नंतर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सरांनी २००८ मध्ये केलेल्या चाचणीबद्दल वाचलं. हुशार मुलांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका एकत्र करून ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या, कुठली कुणाची ते सांगा म्हणून. २७ जणांनी उत्तरं पाठवली आणि सरासरी ४६ टक्के बरोबर, म्हणजे नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच. कुणाला शिव्या नाही, अपमान नाही, आधी नियम ठरवले आणि मग मोजलं. ही पद्धत मला फार आवडली.

आणि मास्तर, संक्रांत पण सांगा. सूर्य उत्तरेला वळतो २१-२२ डिसेंबरला आणि आपण तीळगूळ वाटतो १४-१५ जानेवारीला. आपली संक्रांत ताऱ्यांवरून मोजतात, आणि पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, ७२ वर्षांत एक अंश, म्हणून हा फरक पडत गेला. मी आईला हे सांगितलं तेव्हा ती रागावली नाही, म्हणाली मग आमचे जुने लोक बरोबर बघत होते, आम्ही बघायचं सोडलं.

खाजनकाठ
पटतंय, पण एका ठिकाणी सांभाळून. तारे कसे जळतात त्यावरून माणसांनी एकमेकांशी कसं वागावं ते आपोआप निघत नाही. विज्ञानाच्याच नावानं कवट्या मोजून कोण वरचा कोण खालचा ठरवलेलं आहे, त्यावर कायदे झालेत, लोकांची नसबंदी झालीय. ते चुकीचं होतं हे पुढे मोजूनच कळलं, १९७२ मध्ये ल्युऑन्टिन या जनुकशास्त्रज्ञानं दाखवलं की माणसामाणसातला साधारण ८५ टक्के आनुवंशिक फरक एकाच समूहाच्या आत असतो. पण समजा फरक जास्त निघाला असता, तर मग कुणाला विहिरीवर येऊ दिलं नसतं का? समान वागणूक ही माणसांनी ठरवायची गोष्ट आहे, तिला ताऱ्यांची परवानगी लागत नाही. विज्ञान काय करतं, तर ज्या खोट्या कारणांवर अन्याय उभा असतो ती कारणं काढून घेतं.

म्हणून मी पोरांना दा. ध. कोसंबींबद्दल सांगेन. १९०७ साली इथं गोव्यात जन्मलेला गणिती माणूस, त्यांनी जुनी चांदीची नाणी एकेक करून तराजूत तोलली, कारण नाणं जितकं हातातून फिरतं तितकं झिजतं, आणि त्या झिजेवरून काळाचा अंदाज बांधला. तोच माणूस खेड्यांत पायी हिंडून लोकांना त्यांच्या देवांबद्दल विचारायचा. राजांच्या गोष्टींच्या खालचा सामान्य माणसांचा इतिहास त्यांना शोधायचा होता.

नर्स_मडगाव
माझं थोडक्यात. गरोदर बाईला दहा-बारा तास पाण्याशिवाय ठेवणं धोक्याचं आहे, शुगर असेल तर जास्तच. पण सासूला खोटं पाडायला जाऊ नका, ती पण बाळाच्या काळजीनंच करते. मी म्हणते, माय, झोपव तिला पण पाणी आणि पेज दे, बाळाला तहान लागते. बहुतेक वेळा देतात. ग्रहणाच्या आदल्या आठवड्यात बोलायचं, त्या दिवशी नाही.

वाळपईचा_मास्तर
सगळ्यांचे मनापासून आभार, दोनदा वाचलं. खाजनकाठ, तुमचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता, मी सरळ तारे म्हणजे समता असं शिकवायला निघालो होतो. माई, पत्रिकांची चाचणी वर्गात करता येईल, नाणं उडवून तुलना पोरंच करतील. आपल्याकडे दिसणारं सूर्यग्रहण २ ऑगस्ट २०२७ ला आहे, खंडग्रास. आदल्या आठवड्यात पालकसभा, आणि नर्सबाय, जमलं तर तुम्ही याच, खर्च मी करतो.

डिचोली, तुमच्याकडे खनिजाचे तुकडे आहेत काय अजून?

डिचोली_७२
डबाभर आहेत. टाइलच्या मागच्या खरखरीत बाजूवर घासा, दगड काळा दिसला तरी रेघ लाल येते, पोरांना स्वतः घासू द्या. शनिवारी साखळी गावात कदंब बस स्टँडवर या, साडेदहाला, मी घेऊन येतो. ती मुलगी त्या दिवशी वर्गात असेल ना ते बघा.